जैसे थे

३ फेब्रुवारी, सोमवार

नोकरी लागली, राहायला खोली मिळाली आणि वर ही डायरी मिळाली. एका दिवसात माणसाने आणखी काय मागावं! डायरी ताईने दिली. म्हणाली, ढब्बू, पहिल्यांदाच घर सोडून आला आहेस, रोज चार ओळी लिहीत जा, म्हणजे आईला फोनवर काय सांगायचं ते आठवेल. या वयात मला ढब्बू म्हणणारी आता ती एकटीच उरली आहे, तेव्हा चालवून घेतो.

खोली म्हणजे ताईच्या घरातली मागची. इस्त्रीचं टेबल, भावजींची व्यायामाची सायकल आणि मी, एवढे आम्ही त्यात मावतो. भावजी म्हणाले, सायकलवर खुशाल कपडे वाळत घाल, ती त्याच कामासाठी घेतली आहे.

ऑफिस बसने जवळच आहे. दुसऱ्या मजल्यावर लांबट हॉल, निळ्या खुर्च्या, आणि कुणी जवळून गेलं तरी कुरकुरणारं कॉफीचं मशीन. आमचं काम सांगायला सोपं आहे. दुकानाला पाटी लागते तसा इंटरनेटवर पत्ता लागतो. वेबसाइट त्या पत्त्यावर, ईमेल त्या पत्त्यावर. तो कोणाच्या नावावर आहे याची नोंद आम्ही ठेवतो. कागदोपत्री त्याला डोमेन म्हणतात, पण हॉलमध्ये सगळे पत्ताच म्हणतात, आणि एखाद्याचा चोरीला गेला की याचा पत्ता कट झाला म्हणून हसतात. मला बसवलं आहे ते या चोऱ्यांच्याच टेबलावर.

मला शिकवणारे गृहस्थ पन्नाशीचे. बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघतात. टेबलाच्या खणाला कुलूप लावतात, ओढून बघतात, चहाला उठून थोडं पुढे गेले की परत येऊन पुन्हा ओढतात. सगळे त्यांना कुलूपकाका म्हणतात, अगदी तोंडावर. पहिला धडा त्यांनी असा दिला की आपल्याला माणूस दिसत नाही, नोंद दिसते. नोंदीतल्या ईमेलवरून जो उत्तर देतो तो मालक. मी विचारलं, दुसऱ्याच कुणी उत्तर दिलं तर? म्हणाले, मग तो मालक. मी हसलो. ते हसले नाहीत, पण त्यांचा चेहराच तसा असेल.

दुसरा धडा ‘जैसे थे’चा. वाद आला की त्या पत्त्याला जैसे थे लावायचं. स्क्रीनवर बटण आहे. ते दाबलं की नोंदीतलं अक्षर हलत नाही, ना मालकाकडून ना चोराकडून, दोन महिने. कोर्टातला हा शब्द इथे कोणी आणून ठेवला कोणास ठाऊक, पण मला आवडला. घाबरलेल्या माणसाला निदान सांगता येतं की आम्ही काहीतरी केलं आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

चिमणीबद्दल लिहायचं राहिलं. ताईची मुलगी, वय सहा, आणि या घरात तिचंच राज्य आहे. मामा राहायला आला म्हणजे आपल्याला हक्काचा गडी मिळाला अशी तिची समजूत आहे.

आज तिची नखं कापली. हे काम आतापर्यंत भावजींकडे होतं आणि त्यांनी ते फार आनंदाने माझ्या गळ्यात मारलं. का ते नंतर कळलं. नेलकटर बोटापाशी नेला की चिमणी आधी ओरडते, ‘मेले!’ मग मी नख कापायचं. मग ती बोट डोळ्यांजवळ नेऊन सगळीकडून तपासते आणि म्हणते, ‘वाचले!’ हे प्रत्येक बोटाला. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी काठीने छत ठोकलं, तर पुढच्या बोटाला ती दुप्पट जोरात मेली. हसून हसून माझा हात हलायला लागला. इतकं मी घरीही कधी हसलो नव्हतो.

तिचा वरचा पुढचा दात हलतो आहे. जिभेने ढकलून येणाऱ्या जाणाऱ्याला दाखवते. आता एक दोन दिवसांत पडणार, असं तिने सगळ्यांना कळवून ठेवलं आहे.

ताई आणि भावजी दोघंही कामावर, म्हणून शाळेची गाडी तिला दुपारी पाळणाघरात सोडते. तिथल्या बाईंना सगळी मुलं मावशी म्हणतात, म्हणून मोठी माणसंही मावशीच म्हणतात. चष्म्याची डावी काडी तुटलेली, दोऱ्याने बांधलेली. संध्याकाळी मुलाला न्यायला गेलं की दारात परवलीचा शब्द सांगावा लागतो, त्याशिवाय मावशी सख्ख्या बापालाही मूल देत नाहीत. शब्द मुलांनीच निवडायचा. चिमणीने निवडला आहे ‘शेंबूड’. भावजी ऑफिसातून टाय लावून जातात आणि चार लोकांदेखत दारात उभे राहून शेंबूड म्हणतात. परवा मीही म्हणालो. मावशींनी न हसता मान हलवली आणि आत हाक मारली.

मावशी रोज दुपारी आईबापांना ईमेल करतात, मूल काय जेवलं, झोपलं की नाही. त्यांचा पत्ता आमच्याच कंपनीकडे नोंदवलेला आहे. हे कळल्यावर मी उगाच छाती फुगवली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज माझ्या टेबलावर पहिली खरी चोरी आली, आणि ती मावशींची.

सकाळी त्यांचा फोन आला. सांगत होत्या की ईमेल उघडत नाही, पासवर्ड चालत नाही, आणि एका आईने कालच्या ईमेलबद्दल त्यांचे आभार मानले, जो त्यांनी पाठवलेलाच नव्हता. मी नोंद उघडली. मालकाच्या नावाच्या जागी त्यांचंच नाव. मला हायसं वाटलं. म्हटलं अजून वेळ आहे, चोराने पुढे काही करायच्या आत आपण दार बंद करू. आणि लगेच जैसे थे लावलं. कुलूपकाका चहाला गेले होते, त्यांनाही विचारलं नाही. मावशींना सांगितलं की आता कुणी काही हलवू शकत नाही. त्या म्हणाल्या, देवासारखे धावून आलात.

काकांनी परत आल्यावर नोंद पाहिली. नाव मी पाहिलं होतं. नावाखालचा ईमेल पाहिला नव्हता. तो आदल्याच दिवशी बदललेला होता. बदलू का, असं आमच्या यंत्रणेने विचारलं होतं आणि मावशींच्या जुन्या ईमेलवरून कुणीतरी हो म्हटलं होतं. आधी जुनी नोंद परत आणायची असते, मग जैसे थे लावायचं असतं. मी उलटं केलं होतं. काका माझ्या खांद्याकडे बघत म्हणाले की बैल गेल्यावर झोपा करणारे पुष्कळ पाहिले, पण तुम्ही चोराला आत बसवून झोपा केलात.

आता दोन महिने मावशींचा पत्ता त्या दुसऱ्या कुणाचा तरी. मध्येच काढायचं तर नोंदीतल्या मालकाची लेखी संमती लागते, म्हणजे चोराचीच. वरच्यांना लिहिलं. उत्तर आलं की जैसे थे चालू असताना हस्तक्षेप करता येत नाही.

मला फार लाज वाटते आहे. ताईला सांगितलं तर ती म्हणाली, वेबसाइट गेली तर गेली, मावशी तर जागेवर आहेत ना!

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी मावशी ऑफिसात आल्या. बाकावर पर्स मांडीत घेऊन बसल्या. म्हणाल्या, मुलं आली नाहीत. शाळेची गाडी आलीच नाही.

काल संध्याकाळी सगळ्या आईबापांना आणि गाडीवाल्याला मावशींच्या पत्त्यावरून ईमेल गेला होता की पाळणाघर उद्यापासून मागच्या रस्त्यावर, नव्या जागेत. खाली मावशींचं नाव. मी ताईला फोन लावला. ती म्हणाली, हो, आजपासून तिकडे, तुला सांगायचं राहिलं, मी आज लवकर सुटून तिला घ्यायलाच आले आहे.

मी बसची वाट न बघता पळत गेलो. गल्लीच्या तोंडाशीच ताई भेटली. चिमणी तिचं बोट धरून चालत होती. धडधाकट. मी तिला उचलून घेतलं तर ताई हसायला लागली. मी विचारलं, दार कोणी उघडलं? ताई म्हणाली, कोण उघडणार, मावशींनी.

मावशी तेव्हा आमच्या ऑफिसात बाकावर होत्या. दुपारपासून त्या जागेवरून हलल्या नव्हत्या. काकांनी त्यांना दोनदा पाणी दिलं होतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत नव्या जागेवर गेलो. तळमजला, पिवळा पडदा, दाराशी चपलांचा रॅक. सगळं जुन्या जागेसारखं, आणि नवीन असूनही झिजलेलं.

दार मावशींनी उघडलं.

चष्म्याची डावी काडी दोऱ्याने बांधलेली. गाठ त्याच जागी. त्यांनी परवलीचा शब्द विचारला, मी सांगितला, त्यांनी न हसता मान हलवली. आत मुलं बैठ्या टेबलाशी बसून चित्रं काढत होती. कुणी रडत नव्हतं, कुणी कुणाचं काही ओढत नव्हतं. चिमणीने माझ्याकडे पाहिलं आणि परत कागदाकडे पाहिलं. प्रत्येकाच्या कागदावर एक घर होतं. सगळ्यांचं तेच.

मी निघालो तेव्हा त्या म्हणाल्या, तुमच्यामुळे निवांत झालं. मी विचारलं, काय निवांत झालं? म्हणाल्या, सगळं जिथल्या तिथे राहिलं.

तिथून तडक जुन्या जागेवर गेलो. तिथेही दार मावशींनी उघडलं. रिकाम्या खोलीत गाद्यांची चवड आणि त्या. पोलिसांकडे जाऊन आल्या होत्या. त्यांनी लिहून घेतलं, पाळणाघराच्या पत्त्यावर विचारणा केली आणि तिथून उत्तर आलं की आमची काही तक्रार नाही. आईबापांना फोन केले तर तेही म्हणाले, मावशी, आत्ताच तर बोललो आपण, तब्येत बरी आहे ना? एकीने त्यांना डॉक्टरचं नाव सुचवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच असावं. फाशी मी दिली.

संध्याकाळी ताईला आणि भावजींना सगळं सांगितलं. एक मावशी इथे, एक तिथे. भावजी म्हणाले, नव्या नोकरीचा ताण असतो. ताईने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

लहानपणी गावाकडे कुणाचा तरी कशाने ताबा घेतला असं मोठी माणसं हळू आवाजात बोलायची. ऑफिसात हा शब्द आम्ही दिवसभर वापरतो. ताबा कोणाकडे आहे, ताबा कधी गेला. आज तो लिहिताना पेन थांबलं.

२ मार्च, रविवार

नखं कापायला बसलो. कापायला काही नाही. गेल्या रविवारीही नव्हतं. ताई खुश आहे, म्हणाली, बरं झालं, एक काम वाचलं.

नेलकटर बोटापाशी नेला. चिमणी ओरडली नाही. बोट पुढे धरून बसून राहिली. मी म्हटलं, अगं, मेले म्हण. ती म्हणाली, मेले. साध्या आवाजात, पाढे म्हणतात तसं.

दात अजून हलतो आहे. तेवढाच. मी बोट लावून पाहिलं. पडत नाही, घट्टही होत नाही. आता ती तो कुणाला दाखवत नाही.

दारामागे भावजी तिची उंची मोजतात. जानेवारीची रेघ आहे, फेब्रुवारीची आहे. मार्चची काढली ती फेब्रुवारीवरच बसली. भावजी म्हणाले, मुलं अशी थांबतात आणि मग एकदम वाढतात.

मी जैसे थे लावलं ते पत्त्याला. एवढंच लावलं होतं.

६ मार्च, गुरुवार

रजा घेतली, चिमणीला घरी ठेवलं. ताई रागावली, पण ठेवलं. वाटलं होतं, तिथे नेलं नाही तर हे उतरेल.

ती दिवसभर बसून राहिली. भूक लागली म्हणाली नाही. कंटाळा आला म्हणाली नाही. कागद दिला, तिने घर काढलं. दुसरा दिला, तेच घर. मी बिस्किटाचा पुडा लपवला, पूर्वी यावर भांडण झालं असतं. तिने पाहिलं आणि सोडून दिलं.

मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. हिरडीत इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं सगळीकडे झालं आहे. याचीच जास्त भीती वाटते.

म्हणजे जागेने काही होत नाही. नोंदीतच अडकलं आहे. जैसे थे निघालं पाहिजे. त्याला त्या दुसऱ्या मावशीची संमती हवी.

काकांना फोनवर म्हटलं, मी तिला लिहितो. काका म्हणाले, लिहा, पण स्वतःबद्दल काही लिहू नका.

१० मार्च, सोमवार

लिहिलं. ऑफिसच्या ईमेलवरून, नेहमीच्या भाषेत. पत्ता मूळ मालकाला परत करण्यास आपली संमती कळवावी.

उत्तर लगेच आलं. फार सभ्य. आनंदाने संमती आहे. फक्त एवढ्या मोठ्या कामासाठी लिहिणारे आपणच आहात याची खात्री व्हावी, जशी आपण आमची करता. लहानपणी घरी आपल्याला काय म्हणत? आपण कुठे राहता, घरात कोण कोण? आणि मूल नेताना दारात कोणता शब्द सांगता?

असे प्रश्न मी दिवसभर लोकांना विचारतो. समोरच्याने विचारले तर उत्तरं द्यायची, हाताला तीच सवय. चिमणीचा दात डोळ्यांपुढे होता. ढब्बू. ताईकडे, मागची खोली. ताई, भावजी, चिमणी. शेंबूड. पाठवलं.

पाठवल्यावर काकांचं बोलणं आठवलं.

परत आलं ते एका ओळीचं. आभार, खात्री झाली. खाली संमती. मी जैसे थे काढलं, जुनी नोंद परत आणली. मावशींना फोन केला. त्या म्हणाल्या, गाद्या उन्हात टाकते.

११ मार्च, मंगळवार

दात पडला! सकाळी दूध पिताना कपात. चिमणी आधी किंचाळली, मग हसली, मग आरशापुढे उभी राहून त्या फटीतून शिट्टी मारत बसली. शाळेची गाडी चुकली. ताई ओरडली, तर ही तिच्यावर उलटून ओरडली. मी खूप वेळ रडलो, सायकलवरच्या टॉवेलात तोंड खुपसून.

नखं एका रात्रीत वाढली होती. अडवून धरलेली सगळी. संध्याकाळी बसून कापली, अगदी बोटाला लागून. मेले! वाचले! मेले! खालच्या आजोबांनी काठी ठोकली. ठोका म्हटलं, आजोबा.

मुलं जुन्या जागेत परत आली. मागच्या रस्त्यावरची खोली रिकामी, पडदाही नाही. काका माझ्या खांद्याला म्हणाले, शाब्बास.

१३ मार्च, गुरुवार

लॉगिन चाललं नाही. पासवर्ड चुकीचा म्हणतो. काकांनी त्यांच्या मशीनवर पाहिलं, माझ्या नावाने सकाळपासून काम चालू आहे. ग्राहकांना उत्तरं जात आहेत. काका म्हणाले, घरून केलंत का, चांगली उत्तरं आहेत. आज पहिल्यांदा ते खांद्याकडे बघत नव्हते. माझ्या तोंडाकडे बघत होते.

आईचा फोन आला नाही. मी केला. म्हणाली, अरे, आत्ताच तर इतकं बोललास—

१४ मार्च, शुक्रवार

चिमणीला आणायला गेलो. मावशींच्या दारात शेंबूड म्हटलं. मावशींनी मान हलवली नाही. म्हणाल्या, तिला तिचा मामा घेऊन गेला. शब्द बरोबर सांगितला. हसला नाही.

मग त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ. आणि त्यांचा चेहरा पडला. मला आत घेतलं, दार लावलं.

ताईला फोन केला. म्हटलं, ताई, मी ढब्बू. ती हसत होती, कुणाच्या तरी बोलण्यावर. म्हणाली, कोण बोलतंय? ढब्बू इथे ओट्याशी उभा आहे. मागून माझा आवाज आला. कोण आहे गं, असं विचारलं त्याने. चिमणीचा आवाज नाही. तिला फोन दे म्हटलं. ताईने ठेवला. परत उचलला नाही.

तिकडे पळत गेलो. भावजींनी साखळी लावून दार उघडलं. मला बघून मागे वळून आत बघितलं. मग पुन्हा मला. म्हणाले, हे बघा, पोलिसांना बोलवीन. अहो जाहो केलं. दार लावलं.

परत मावशींकडे. काकांना फोन. दुसऱ्या हाताने हे लिहितो आहे, डायरी पिशवीतच होती. सगळं सांगितलं. माझी नोंद— माझं नाव— घर— काका शांतपणे ऐकत होते. म्हणाले, घाबरू नका. मी म्हटलं, काका, आधी जुनं परत आणा, मग— आधी परत आणा— ते म्हणाले, तुमच्या नावावर वाद आहे ना, मग जास्त वेळ घालवायला नको. कीबोर्डच्या कळांचा आवाज आला. म्हणाले, झालं. आता कुणी काही हलवू शकत नाही.

मी फोन ठेवला. मावशी समोर बसल्या होत्या. त्यांना न सांगताच कळलं. त्यांनी मुलांच्या गाद्या जोडून मला अंथरून दिल्या.

१६ मार्च, रविवार

समोरच्या इमारतीच्या जिन्यात. इथून ताईची खिडकी दिसते. पडदा उघडा—

चिमणी स्टुलावर. तो तिच्यासमोर, पाठमोरा. माझा निळा शर्ट. तिचं बोट हातात.

नेलकटर. आवाज इथवर येतो. रस्ता शांत आहे.

मंगळवारी मीच कापली होती. पार बोटाला लागून. शुक्रवारी माझ्या नोंदीला जैसे थे, त्यात हे घरही आलं. वाढलेली असणार नाहीत. कापायला काही नाही. मग हा काय कापतो आहे—

पुन्हा. पुढचं बोट—

खालचे आजोबा छत ठोकत नाहीत. चिमणी मेले म्हणत नाही. ताई मागून गेली, हसली, गेली.

आता ती बोट डोळ्यांजवळ नेते आहे. सगळीकडून बघते आहे. बघते आहे. वाचले पण म्हणत ना—